चूक कुणी पकडायची? प्रोग्रामिंगच्या भाषा, एआयची टूल्स आणि प्रोग्रामर मंडळींची मतं

दोन प्रोग्रामर भेटले की पहिला चहा संपायच्या आत दोन विषय हमखास निघतात. एक जुना, 'तू कुठल्या भाषेत काम करतोस?' आणि दुसरा गेल्या तीन-चार वर्षांतला, 'एआय वापरतोस का?' दोन्हींवर आवाज चढतात. बाहेरच्या माणसाला वाटतं की ही आवडीनिवडीची भांडणं आहेत, कुणाला पोहे आवडतात, कुणाला उपमा. मला वाटतं, या मतांमागे एक साधा प्रश्न आहे. प्रोग्राममध्ये चूक होणारच. मग ती कुठे पकडायची आणि कुणी पकडायची? हा प्रश्न हातात धरला की भाषांबद्दलची मतंही उलगडतात आणि एआयबद्दलचीही.

समोर प्रोग्रामिंग न येणारेही बरेच जण आहेत, म्हणून साध्या उदाहरणापासून सुरुवात करू.

शंभर अधिक पन्नास

समजा तुम्ही एका दुकानाची वेबसाइट बनवताय. चौकटीत गिऱ्हाईक रक्कम भरतं, १००. त्यात घरपोच पोचवण्याचे ५० रुपये मिळवायचे. पण चौकटीतून जे येतं ते संख्या म्हणून येत नाही, अक्षरं म्हणून येतं. एक, शून्य, शून्य अशी तीन चिन्हं. जावास्क्रिप्टमध्ये तुम्ही त्यात ५० मिळवलेत, तर ती भाषा काही तक्रार न करता दोन्ही गोष्टी एकापुढे एक चिकटवते. उत्तर येतं १००५०. दहा हजार पन्नास रुपयांचं बिल! आणि चूक पकडतं कोण? गिऱ्हाईक.

हेच पायथनमध्ये केलंत तर प्रोग्राम त्या ओळीवर थांबतो आणि सांगतो की अक्षरं आणि संख्या यांची बेरीज करता येत नाही. बरं झालं. पण ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत हे कळत नाही. ती फक्त दिवाळीच्या सवलतीच्या वेळीच चालत असेल, तर दिवाळीतच कळणार.

टाइपस्क्रिप्ट ही मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली, जावास्क्रिप्टवरच उभी असलेली भाषा. तिच्यात 'इथे संख्याच आली पाहिजे' असं आधी लिहून ठेवता येतं. मग तिथे अक्षरं पाठवलीत की प्रोग्राम चालवायच्या आधीच, लिहिता लिहिता, खाली लाल रेघ येते.

म्हणजे चूक एकच, पण ती एका ठिकाणी गिऱ्हाइकाने पकडली, दुसऱ्या ठिकाणी चालू प्रोग्रामने आणि तिसऱ्या ठिकाणी लिहितानाच. जितकी लवकर, तितकी स्वस्त. मग सगळेच कडक भाषा का वापरत नाहीत? कारण कडकपणाचीही किंमत असते. आधी सगळं नेमकं ठरवून लिहावं लागतं. ज्याला दुपारभरात एका आकडेवारीतून आलेख काढून बघायचाय, त्याला पायथन सोयीची. ज्याच्या प्रोग्रामवर बँकेचे व्यवहार चालतात, त्याला कडक भाषा हवी. दोघांचं मत आपापल्या कामातून आलेलं असतं. भांडण सुरू होतं ते आपलं काम हेच जगाचं काम आहे असं मानल्यावर.

याचं दुसरं टोक म्हणजे सी आणि रस्ट. सी ही डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलेली भाषा. ती प्रोग्रामरवर पूर्ण विश्वास टाकते. दहा खणांची जागा मागितलीत आणि अकराव्या खणात लिहिलंत, तरी ती स्वतःहून अडवत नाही. दुसऱ्या कुणाची तरी माहिती पुसली जाते, किंवा हल्लेखोराला दार उघडं मिळतं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या उत्पादनांतल्या सुमारे ७० टक्के सुरक्षा-त्रुटी स्मृतीच्या अशाच गोंधळातून येतात.

रस्टची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिचा नियम असा समजा की गावच्या दप्तरात एक वही आहे. वाचायला एकाच वेळी दहा जण चालतील. पण एकजण लिहायला बसला की बाकी कुणी वहीला हात लावायचा नाही, वाचायलाही नाही. हा नियम मोडलात तर कंपायलर प्रोग्राम बनवूनच देत नाही. नवशिक्याला हा छळ वाटतो. तरीही स्टॅक ओव्हरफ्लोच्या वार्षिक पाहणीत, वापरणाऱ्यांना पुन्हा वापरावीशी वाटणारी भाषा म्हणून रस्ट २०१६ पासून सातत्याने पहिली आहे. मला हे फार बोलकं वाटतं. रात्री दोनला फोन येण्यापेक्षा दुपारी दोनला कंपायलरची बोलणी खाल्लेली बरी, असं या लोकांचं म्हणणं आहे.

हे भांडण आधीही झालं होतं

आता एआयकडे वळू. पण त्याआधी १९५७ मध्ये जाऊ या. जॉन बॅकस आणि आयबीएममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान आणली. त्याआधी प्रोग्रामर यंत्राच्या जवळच्या भाषेत, एकेक सूचना हाताने लिहीत. गणिताच्या सूत्रासारखं काही लिहावं आणि यंत्राने त्याच्या सूचना स्वतः तयार कराव्यात, यावर अनेकांचा विश्वास नव्हता. यंत्राचा वेळ महाग. हाताने लिहिलेल्याइतका वेगवान कोड यंत्र कसा लिहिणार? बॅकस यांनी पुढे लिहून ठेवलंय की त्या काळचे प्रोग्रामर स्वतःला एखाद्या गूढ विद्येचे पुजारीच समजत. फोरट्रानने चांगला कोड काढून दाखवला आणि तो विरोध हळूहळू मावळला.

आजचे एआयचे समर्थक हीच गोष्ट सांगतात. 'तेव्हा कंपायलरवर विश्वास नव्हता, आता एआयवर नाही, सवय होईल.' यात तथ्य आहे, पण अर्धंच. कंपायलरला जी भाषा दिली जाते तिचा अर्थ ठरलेला असतो. तोच प्रोग्राम, तोच कंपायलर, तीच सेटिंग्ज दिली तर अर्थ तोच निघतो. वेगळा निघाला तर तो कंपायलरचा दोष, असं बोट ठेवून दाखवता येतं.

एआयला आपण सांगतो मराठीत किंवा इंग्रजीत. 'रक्कम मोठी असेल तर साहेबांची मंजुरी घ्यावी.' मोठी म्हणजे किती? बरोबर एक लाख असेल तर? साहेब रजेवर असतील तर? आपण हे सांगितलेलंच नसतं. मग टूल काहीतरी धरून चालतं, आणि दर वेळी तेच धरेल असं नाही. बोलीभाषेतून यंत्राला प्रोग्राम सांगण्याची कल्पना भाबडी आहे, असं एड्सखर डाइकस्ट्रा यांनी १९७० च्या दशकातच लिहिलं होतं. नेमकेपणासाठी माणसाने चिन्हांची भाषा घडवली, ती अडचण नसून सोय आहे, असा त्यांचा मुद्दा होता. एआय बोलीभाषेतून कोड लिहून देऊ लागलं तेवढ्यापुरते डाइकस्ट्रा चुकले, असं म्हणता येईल. पण मागणीच मोघम असेल तर काय, हा त्यांचा प्रश्न शिल्लक आहे.

वापर वाढला, भरवसा घटला

गिटहब कोपायलट २०२१ मध्ये चाचणीसाठी आलं, चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या पाहणीत ८४ टक्के लोकांनी सांगितलं की ते कामात एआय टूल्स वापरतात किंवा वापरणार आहेत. त्याच पाहणीत, या टूल्सच्या अचूकतेवर भरवसा नाही म्हणणारे ४६ टक्के होते आणि भरवसा आहे म्हणणारे ३३ टक्के. सगळ्यात मोठी तक्रार कुठली? 'उत्तर जवळजवळ बरोबर असतं, पण पूर्ण बरोबर नसतं.' ही ६६ टक्के लोकांची तक्रार होती.

साफ चुकलेलं उत्तर फेकून देता येतं. जवळजवळ बरोबर असलेलं उत्तर अवघड. ते नीटनेटकं दिसतं, नावं चांगली असतात, चालतंही, आणि चूक कुठेतरी कोपऱ्यात असते. कधी कधी टूल अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं नाव आत्मविश्वासाने लिहून देतं. त्या नावाने कुणी मुद्दाम घातक कोड टाकून ठेवला, तर आपण तो स्वतःच्या हाताने घरात आणला!

शिवाय आपला वेग वाढला की नाही, हे आपल्याला कळतं का? एमईटीआर या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामर घेऊन प्रयोग केला. कामं २४६. काही एआय वापरून, काही न वापरता. सुरू करण्याआधी त्यांचा अंदाज होता की एआयमुळे वेळ २४ टक्के वाचेल. संपल्यावर म्हणाले, २० टक्के वाचला. घड्याळाने सांगितलं की वेळ १९ टक्के जास्त लागला होता. सोळा माणसं म्हणजे थोडी. ती ओळखीच्या, मोठ्या प्रकल्पांवर काम करत होती. टूल्सही २०२५ च्या सुरुवातीची होती. त्यामुळे 'एआयने काम मंदावतं' असा सरसकट निष्कर्ष काढू नका. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की वेगाबद्दलचं आपलं स्वतःचं मत हा पुरावा नव्हे.

आता दोन्ही धागे जोडू. कोड यंत्र लिहिणार असेल, तर माणसाचं मुख्य काम तो तपासण्याचं उरतं. मग चूक लवकर पकडणारी भाषा जास्त मोलाची ठरते. ऑगस्ट २०२५ मध्ये गिटहबवर, काम करणाऱ्यांच्या संख्येनुसार, टाइपस्क्रिप्टने पायथन आणि जावास्क्रिप्टला मागे टाकलं. कारणं बरीच असतील, पण एआयने लिहिलेला कोड तपासायला आणखी एक कडक पहारेकरी मिळतो, हे त्यातलं एक दिसतं. अर्थात पहारेकरी १०० आणि ५० ची बेरीज नीट होते का, एवढंच बघतो. मुळात ५० घ्यायचे होते की ४०, हे त्याला माहीत नसतं.

डोक्यातला प्रोग्राम

डॅनिश संगणकतज्ज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मधल्या एका निबंधात म्हटलं होतं की प्रोग्राम म्हणजे नुसत्या लिहिलेल्या ओळी नव्हेत. तो असाच का आहे, उद्या नियम बदलला तर कुठे हात घालायचा, ही जी समज करणाऱ्यांच्या डोक्यात तयार होते, ते खरं काम. ती माणसं निघून गेली की कोड शाबूत असूनही प्रोग्राम मेल्यासारखा होतो.

मला काळजी वाटते ती इथे. आपल्याकडे हिंजवडीत, खराडीत नवीन लागलेली मुलं आतापर्यंत कशी शिकत आली? छोटे बग सोडव, एखादी स्क्रीन बनव, चाचण्या लिही. कंटाळवाणी कामं, पण समज त्यातूनच यायची. नेमकी तीच कामं आज टूल सगळ्यात चांगली करतं. मग पाच वर्षांनी, टूलने लिहिलेलं तपासणारा माणूस येणार कुठून?

माझ्याकडे याचं तयार उत्तर नाही. विद्यार्थ्यांना एक पथ्य सांगतो. टूल जरूर वापरा. पण जी ओळ का लिहिली हे शेजारच्याला समजावून सांगता येत नाही, ती ओळ आपल्या नावावर जमा करू नका. आणि टीम लीड असाल तर नवीन मुलाला 'झालं का?' विचारण्याआधी 'कसं चालतं, सांग' असं विचारा.

श्रोत्यांमधून प्रश्न: माझी मुलगी बारावीला आहे. आता तिने कुठली भाषा शिकावी?

उत्तर: पायथनने सुरुवात करू द्या, लवकर काहीतरी चालताना दिसतं आणि गोडी लागते. नंतर एखादी कडक भाषा, म्हणजे चूक कशी पकडली जाते ते कळेल. आणि ताई, पहिले काही महिने एआयकडून कोड लिहून घेऊ नको म्हणावं. अडलं तर त्याला समजावून सांगायला सांग. पाढे पाठ झाल्यावर कॅल्क्युलेटर वापरायला काहीच हरकत नाही.