दीड हजार घोडे आणि अंगठ्याएवढा खटका

इटलीतल्या मारानेल्लोच्या फेरारीने २००४ साली एफ४३० ही गाडी जगापुढे आणली, तेव्हा तिच्या स्टिअरिंगवर एक छोटासा लाल खटका होता. अंगठ्याने फिरवावा एवढाच. नाव मानेत्तिनो. त्याला पाच जागा: बर्फ, निसरडा रस्ता, स्पोर्ट, रेस आणि शेवटची, जिथे सगळी राखण बंद. घरच्या मिक्सरला तीन असतात, हिला पाच, त्यात काय, असं म्हणून पुढे जाऊ नका. त्या खटक्यामागे ४९० अश्वशक्ती बसलेली आहे. शेतातल्या पाच अश्वशक्तीच्या पंपांत मोजायचं तर ९८ पंप! अख्ख्या शिवाराचे पंप एकाच वेळी घुमायला लागावेत आणि त्या सगळ्यांचा स्टार्टर एकाच माणसाच्या अंगठ्याखाली असावा. खटका एक घर सरकला की गिअर बदलण्याची चपळाई बदलते, सस्पेन्शनचा ताठपणा बदलतो, मागच्या दोन चाकांत ताकद कशी वाटायची तेही बदलतं. आणि बदलतो तो ट्रॅक्शन कंट्रोलचा स्वभाव. आजची सगळी गंमत त्याचीच आहे.

ट्रॅक्शन कंट्रोल काय करतं ते चिखलात रुतलेली एसटी पाहिलेल्या कुणालाही समजेल. चाकाला दिलेला जोर रस्त्याच्या पकडीपेक्षा जास्त झाला की चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी हलत नाही. संगणक हे ओळखतो आणि इंजिनाचा जोर कमी करतो किंवा त्या एकट्या चाकाला हलकासा ब्रेक लावतो. एवढंच. पण ओळखतो कसा? मोजून! चाकाच्या आत दात्यांची एक चकती असते, अनेक गाड्यांत ४८ दात्यांची. एकेक दाता सेन्सरसमोरून गेला की एक टिचकी वाजल्यासारखा संकेत जातो.

आता कागद-पेन्सिल घ्या. चाकाचा एक फेरा साधारण दोन मीटरचा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे ९४.५ किलोमीटरचा. म्हणजे कळंबोलीहून निघून किवळ्याला उतरेपर्यंत एका चाकाचे ४७,२५० फेरे. गुणिले ४८ दाते. गुणिले चार चाकं. उत्तर आलं ९० लाख ७२ हजार! तुम्ही फूड मॉलला थांबून वडापाव खाल्लात, घाटात ट्रकच्या मागे चरफडलात, तळेगावला टोल भरलात, आणि तेवढ्यात तुमच्या गाडीने ९० लाख दाते मोजले, एकही न चुकवता. तुम्ही-आम्ही सेकंदाला एक या हिशोबाने, न झोपता, न जेवता मोजायला बसलो तर साडेतीन महिने लागतील. तोवर पावसाळा येऊन सरेल.

आणि मोजणं ही नुसती सुरुवात. बॉशने बनवलेली ईएसपी नावाची प्रणाली १९९५ साली पहिल्यांदा मर्सिडीजमध्ये आली. ती सेकंदाला २५ वेळा एकच प्रश्न विचारते: चालकाला जिकडे जायचंय, तिकडेच गाडी चालली आहे ना? ताशी १०० किलोमीटरने एक्स्प्रेसवे पार करायला पावणेसत्तावन्न मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात हा प्रश्न विचारला जातो ८५ हजार वेळा. लग्नघरातसुद्धा पाहुण्यांना ‘जेवलात का’ इतक्या वेळा कुणी विचारत नाही! १९९७ साली स्वीडनमध्ये अचानक वळण घेण्याच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली आणि त्यानंतर कंपनीने ही प्रणाली प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली. आज ती चारचौघांच्या गाड्यांतही भेटते.

हे झालं साध्या गाडीचं. आता स्पोर्ट्स कारच्या अंगणात पाऊल टाकू.

पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला तीन मोड आहेत: इको, सिटी, स्पोर्ट. सुटसुटीत. बीएमडब्ल्यूची चारही चाकांना ताकद देणारी एम३ घ्या. इंजिनाचे तीन मोड, सस्पेन्शनचे तीन, स्टिअरिंगचे दोन, ब्रेकचे दोन, ताकद चाकांत वाटण्याचे तीन, गिअर बदलण्याचे तीन. गुणाकार करा: ३२४! रोज एक नवीन गाडी चालवायची म्हटलं तर वर्ष संपत आलं तरी तुमची एम३ संपत नाही. त्यावर ट्रॅक्शन कंट्रोलच्या दहा पायऱ्या वेगळ्याच. मर्सिडीजच्या एएमजी जीटी आरमध्ये नऊ पायऱ्या आहेत आणि त्यासाठी डॅशबोर्डच्या मधोमध पिवळा गोल खटका. आमचं मत विचाराल तर ३२४ हे जरा अतीच झालं. बीएमडब्ल्यूलाही ते कळलं असावं, कारण स्टिअरिंगवर दोन लाल बटणं दिली आहेत: आवडीची दोन मिश्रणं साठवा आणि बाकीची ३२२ विसरून जा.

पोर्शेने मात्र कमाल केली. २०१८ साली आलेल्या नव्या ९११ ला त्यांनी कान दिले. पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज टिपणारे सेन्सर आहेत. चाकाने उडवलेलं पाणी कमानीवर आदळतं, त्या फवाऱ्याचा आवाज गाडी ऐकते आणि चालकाला सांगते, रस्ता ओला आहे, वेट मोड लावा. ताशी १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. डोळ्याला ओल दिसून ती मेंदूत पोचेपर्यंत एक सेकंद गेला तर एसटीच्या दोन बसलांब्यांहून जास्त रस्ता मागे पडलेला असतो. कान तेवढं थांबत नाहीत.

आता खुर्ची घट्ट धरा. फ्रान्समधल्या मोल्सेम गावी बुगाटीची एक गाडी बनायची, नाव शिरोन. २०१६ ची. इंजिन आठ लिटरचं, सिलिंडर सोळा, टर्बो चार, ताकद १,५०० अश्वशक्ती. आपले पाच अश्वशक्तीचे पंप आता ३०० झाले! पूर्ण जोरात हे इंजिन मिनिटाला ६० हजार लिटर हवा ओढतं. उन्हाळ्यात गावाला येतो तो दहा हजार लिटरचा टँकर आठवा. दर मिनिटाला असे सहा टँकर भरून हवा. शांत बसलेल्या माणसाला एवढी हवा श्वासात घ्यायला पाच दिवसांहून जास्त लागतात. इंजिन थंड ठेवणारा पंप मिनिटाला ८०० लिटर पाणी फिरवतो. वीस फूट व्यासाची, तीस फूट पाण्याची चांगली भरलेली विहीर घ्या. त्यात साधारण पावणेतीन लाख लिटर पाणी. शिरोनचा पंप ती साडेपाच तासांत तळाला नेईल. आणि ती विहीर पाण्याऐवजी हवेने भरलेली असती तर? इंजिनाने ती साडेचार मिनिटांत गिळली असती!

किंमत सुरुवातीला २४ लाख युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १८ कोटी रुपये, कर वेगळे. भागाकार करून पाहा. एकेक अश्वशक्ती १ लाख २० हजार रुपयांना पडली.

आणि आता खरी मौज. १८ कोटी मोजून घेतलेल्या या दीड हजार घोड्यांपैकी बहुतेक घोडे बहुतेक वेळ बांधूनच ठेवावे लागतात! गाडीचं वजन दोन टन. ती रस्त्याला टेकते ती चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी जेमतेम तळहातापेक्षा थोडा मोठा रबराचा तुकडा. त्या तुकड्यांना सोसेल तेवढीच ताकद रस्त्यावर उतरते. भौतिकशास्त्रावर विश्वास ठेवा आणि फक्त उत्तरं पाहा. कोरड्या रस्त्यावर ताशी ५० च्या वेगाला ही गाडी फार तर ४०० अश्वशक्ती वापरू शकते. उरलेल्या अकराशेंना संगणक दावणीला बांधतो. पाऊस पडला, पकड निम्मी झाली, की २०० च्या आत. आणि बर्फ? बर्फावर पकड दहावा हिस्सा उरते. त्याच ५० च्या वेगाला उपयोगी पडतात ३७-३८ अश्वशक्ती. ३७! अहो, हे तर आपल्या जुन्या मारुती ८०० चं इंजिन! अठरा कोटींची गाडी बर्फावर गेली की मारुती ८०० होते, आणि ती तशी झाली नाही तर खड्ड्यात जाते. हे घोडे क्षणोक्षणी बांधायचे नि सोडायचे, यालाच ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. फॉर्म्युला वनला ही मदत इतकी खुपली की त्यांनी १९९४ साली ती बंद केली, २००१ साली परत आणली आणि २००८ पासून पुन्हा बंद केली.

घोडे सगळेच्या सगळे सोडायचे असतील तर बुगाटीकडे वेगळी किल्ली आहे. अक्षरशः किल्ली. शिरोनच्या आधीची वेरॉन, २००५ ची, १,००१ अश्वशक्तीची. गाडी उभी करायची, सीटच्या डाव्या बाजूला ही दुसरी किल्ली फिरवायची, मग गाडी स्वतःची तपासणी करते, मागचा पंख आत घेते आणि खाली बसते. किती खाली? पुढची बाजू जमिनीपासून ६५ मिलिमीटर. आपला नियमातला गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच असतो, आणि नियमाबाहेरच्यांबद्दल न बोललेलंच बरं. पण मोकळा रस्ता मिळाला की ४०७! त्या वेगाला १०० लिटरची टाकी १२ मिनिटांत संपते. शंभर रुपये लिटर धरा, मिनिटाला ८३३ रुपये धुराड्यातून बाहेर. तेवढ्याच पेट्रोलवर स्कूटर काश्मीरहून कन्याकुमारीला पोचून वर आणखी काही मुक्काम करेल. आणि वेरॉन १२ मिनिटांत जाते ८१ किलोमीटर. म्हणजे कळंबोलीहून भरल्या टाकीने सुटली, घाटातली वळणं मनातल्या मनात सरळ केली, तरी एक्स्प्रेसवे संपायला तेरा किलोमीटर असताना टाकीत खडखडाट!

२०१७ साली जर्मनीतल्या एरा-लेसिनच्या चाचणी ट्रॅकवर कोलंबियाचा रेसर हुआन पाब्लो मोंतोया शिरोनमध्ये बसला. किल्ली फिरवली, लाँच कंट्रोल लावला, ब्रेकवरचा पाय काढला. संगणकाने घोडे मोजून-मोजून सोडले. ३२.६ सेकंदांत शून्यावरून ४००. मग ब्रेक. मागचा पंख उभा राहिला, विमान उतरताना राहतो तसा, आणि ४९१ मीटरमध्ये गाडी ठप्प. वीस डब्यांच्या एक्स्प्रेसची लांबी, बस्स! शून्य ते ४०० ते पुन्हा शून्य, एकूण ४१.९६ सेकंद, ३,११२ मीटर. सगळा प्रयोग आपल्या मरीन ड्राइव्हवर मावला असता आणि नंतर उतरून चौपाटीवर भेळ खायलाही थोडा रस्ता उरला असता.

आणि मग आला २ ऑगस्ट २०१९. तोच ट्रॅक, ८.८ किलोमीटरची सरळ पट्टी. चालक अँडी वॉलेस. या माणसाने याच ट्रॅकवर १९९८ साली मॅक्लारेन एफ१ चालवली होती. त्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल नव्हता, एबीएससुद्धा नव्हता. होता फक्त वॉलेसचा उजवा पाय, आणि त्या पायाने तिला ३८६ पर्यंत नेलं. एकवीस वर्षांनी तोच पाय १,६०० अश्वशक्तीच्या शिरोनवर. टायरचे आधी एक्स-रे काढलेले. ४०० ओलांडलं. ४४७ च्या आसपास रस्त्याचा पोत बदलतो, तिथे गाडीने उडी मारली. पुढे माथ्यावरच्या वेगाला हिशोब असा: सेकंदाला १३६ मीटर. चाक सेकंदाला साठाहून जास्त फेरे घेतंय. टायरच्या कडेवरचा प्रत्येक ग्रॅम पाच हजार पट जड झालेला. एका ग्रॅमचं पाच किलो! रबराची चिमूटभर ढलपी तांदळाच्या पिशवीएवढ्या जोराने बाहेर सुटू पाहते आहे, आणि टायर तिला धरून आहे. ४६०. ४७०. ४८०. काटा थांबला ४९०.४८४ वर!

या वेगाने एक्स्प्रेसवे किती वेळात संपेल? साडेअकरा मिनिटांत. डेक्कन क्वीनने प्लॅटफॉर्म सोडल्यावर पहिला चहा हातात येतो न येतो, तोवर पुणं.

या विक्रमाच्या आनंदात बुगाटीने तशाच ३० गाड्या विकायला काढल्या. किंमत ३५ लाख युरो, म्हणजे २७ कोटींच्या घरात. आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना संगणकात वेगाची मर्यादा घातली ताशी ४४० ची. ५० किलोमीटर कारखान्यातच कापून ठेवले! २७ कोटी मोजणाऱ्याला न मिळालेला तो ५० चा वेग, म्हणजे संध्याकाळी सात वाजता लक्ष्मी रोडवर आपल्याला जो कधीच मिळत नाही, तोच.