गादी सरकली, पुढे काय?

मणक्यांमधली गादी सरकून नस दाबते आणि मग कंबरेपासून पोटरीपर्यंत पाय ठणकतो, हे आज रिक्षाचालकापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. वैद्यकाला मात्र ते कळून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्याआधी कण्याच्या पोकळीत सापडणारे कूर्चेचे तुकडे ‘कॉन्ड्रोमा’, म्हणजे कूर्चेची गाठ, समजून काढले जात. ड्रेस्डेनच्या श्मोर्ल यांनी शवविच्छेदनात हजारो कणे तपासले होते. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी १९२९मध्ये दोन रुग्णांच्या कण्यातून गादीचे सुटे तुकडे काढले होते. तरीही सगळे धागे जुळवले ते बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या दोघांनी. विल्यम मिक्स्टर हे मज्जासंस्थेचे शल्यविशारद आणि जोसेफ बार हे हाडांचे. जुने जपून ठेवलेले नमुने त्यांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतले, तेव्हा दिसले की गाठ म्हणून नोंद झालेल्या कितीतरी गाठी मुळात गाठी नव्हत्याच. फाटलेल्या गादीतून बाहेर आलेला तो गाभा होता. १९ रुग्णांवरचा त्यांचा निबंध १९३४मध्ये प्रसिद्ध झाला आणि पायाच्या या ठणक्याला, म्हणजे सायटिकाला, पहिल्यांदा डोळ्यांनी दिसणारे कारण मिळाले.

कारण दिसले की ते कापून काढावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पुढची पन्नास वर्षे जगभर तेच झाले. पण कारण सापडणे आणि त्यावरचा उपाय सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सायटिकाच्या बाबतीत पहिल्यापासून दुसरीपर्यंत पोचायला किती कष्ट पडले ते रुग्णांनी जाणून घेतले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आधी गादीविषयी थोडे. आपल्या कण्यात अशा २३ गाद्या असतात. मध्ये पाण्याने भरलेला मऊ गाभा आणि भोवती चिवट तंतूंची कडी. प्रौढ माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. वरच्या-खालच्या मणक्यांवरच्या पातळ कूर्चापट्टीतून झिरपणाऱ्या पोषणावर ती जगते. हे झिरपणे जिवंत माणसात कसे चालते ते कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या डॉ. एस. राजशेखरन यांच्या गटाने दाखवले. शिरेतून रंगद्रव्य देऊन त्यांनी एकाच माणसाचे एमआरआय दिवसभर ठरावीक अंतराने घेतले आणि गादीचे भवितव्य या पट्टीच्या प्रकृतीवर अवलंबून असल्याचे मांडले. कंबरेच्या कण्यावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा मानाचा पुरस्कार त्यांना २००४मध्ये मिळाला. २०१३मध्ये याच गटाच्या १८१ रुग्णांवरच्या अभ्यासाला तो पुन्हा मिळाला. गादी फुटते तेव्हा बहुतेकदा भोवतीची कडी मध्येच फाटते असा समज होता. या अभ्यासात ६५ टक्के रुग्णांत पट्टी आणि गादी यांचा सांधा उखडलेला आढळला. जगाच्या पाठ्यपुस्तकांत भर घालणारे हे काम आपल्याच देशात, तमिळनाडूत, रोजच्या रुग्णसेवेतून झाले.

आणखी एक गोष्ट, स्वतःला दोष देणाऱ्यांसाठी. ‘मी घागर उचलली म्हणून’, ‘मी गाडीवरून फार फिरलो म्हणून’ असे रुग्ण सांगत असतात. फिनलंडमध्ये एकसारख्या जुळ्या भावांच्या ११५ जोड्या निवडून त्यांच्या कण्यांची तुलना झाली. १९९५च्या त्या निष्कर्षांनुसार गादी झिजण्यात कष्टाच्या कामाचा वाटा थोडा होता. त्याहून किती तरी मोठा वाटा कुटुंबाच्या वारशाचा होता.

एमआरआय आला आणि गादी घरोघरी दिसू लागली. अडचण तिथेच सुरू झाली. १९९४मध्ये अमेरिकेत कंबरदुखीची तक्रार नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढून ते वाचायला दिले गेले. ५२ टक्के लोकांत निदान एका जागी गादी फुगलेली होती, २७ टक्क्यांत ती बाहेर डोकावत होती आणि सगळ्या गाद्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के निघाले. म्हणजे अहवालात जे लिहिलेले असते तेच दुखण्याचे कारण असेल असे नाही. पायातली कळ, बधिरपणा, कमी झालेली ताकद यांचा त्या चित्राशी मेळ बसावा लागतो. दुसरी गोष्ट याहून दिलासा देणारी आहे. बाहेर आलेला गाभा शरीराला परका वाटतो, पेशी त्याच्यावर तुटून पडतात आणि तो हळूहळू विरघळतो. २०१५मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा की नुसती फुगलेली गादी आपोआप कमी होण्याचे प्रमाण १३ टक्के, तर पूर्ण सुटून पडलेला तुकडा आक्रसण्याचे प्रमाण ९६ टक्के. चित्रात जे सर्वांत भीतिदायक दिसते, तेच नाहीसे होण्याची शक्यता सर्वांत जास्त!

आता मूळ प्रश्न. शस्त्रक्रिया केलेला रुग्ण बरा झाला, तर तो शस्त्रक्रियेने झाला की काळाने? हे ठरवायला एकच मार्ग आहे: सारख्याच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. ऑस्लोच्या हेन्रिक वेबर यांनी तो अवलंबला. ज्यांना शस्त्रक्रिया टाळताच येणार नव्हती त्यांना त्यांनी बाजूला काढले आणि ज्यांच्याबाबत निर्णय अवघड होता अशा १२६ रुग्णांचे दोन गट करून त्यांच्यावर दहा वर्षे लक्ष ठेवले. १९८३मध्ये निष्कर्ष आले. एका वर्षानंतर शस्त्रक्रियेचा गट स्पष्टपणे पुढे होता. चार वर्षांनी फरक इतका कमी झाला की तो ठामपणे सांगता येईना, आणि दहाव्या वर्षापर्यंत चित्र तसेच राहिले.

अमेरिकेने हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला. जेम्स वाइनस्टाइन यांच्या नेतृत्वाखाली ११ राज्यांतल्या १३ केंद्रांवर ‘स्पोर्ट’ नावाची चाचणी झाली. चिठ्ठीने गट ठरलेले रुग्ण ५०१. २००६मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा दोन्ही बाजूंनी आपापला विजय जाहीर केला, आणि असे का झाले ते समजून घेण्यासारखे आहे. रुग्ण ही माणसे असतात. ज्याच्या चिठ्ठीत शस्त्रक्रिया निघाली त्याला पुढच्या महिन्यात बरे वाटू लागले तर तो टेबलावर कशाला चढेल? आणि ज्याच्या चिठ्ठीत औषध-व्यायाम निघाला त्याला रात्र-रात्र झोप लागेना तर तो का थांबेल? दोन वर्षांत शस्त्रक्रियेच्या गटातल्या ६० टक्के रुग्णांनी ती करून घेतली, तर दुसऱ्या गटातल्याही ४५ टक्के रुग्णांनी करून घेतली. दोन्ही गट एकमेकांत मिसळून गेले.

अशा वेळी मोजदाद कशी करायची? नियम सांगतो की चिठ्ठीत जो गट निघाला त्याच गटात रुग्ण मोजायचा, मग त्याने पुढे काहीही करो. तसे मोजले तर फरक शस्त्रक्रियेच्या बाजूचा पण लहान, आणि मुख्य मापांवर ठाम म्हणता येणार नाही असा निघाला. प्रत्यक्षात कोणी काय केले यावरून मोजले तर शस्त्रक्रिया खूपच सरस दिसली. दुसरी पद्धत वरवर सरळ वाटते, पण तिच्यात खोट आहे: गट बदलणारे रुग्ण आणि न बदलणारे रुग्ण सारखे नव्हते. चिठ्ठीने मिळालेला सारखेपणा तिथे हातातून निसटतो. मात्र पहिल्या पद्धतीत इतक्या सरमिसळीने खरा फरकही पुसट होतो, हे मान्य करायला हवे. कितीही खर्च केला तरी एका चाचणीने वाद मिटत नाही, हे ‘स्पोर्ट’ने दाखवले. माझ्या मते तिची खरी किंमत एका साध्या निरीक्षणात आहे: दोन्ही गटांतले रुग्ण मोठ्या प्रमाणात सुधारले.

प्रश्न अधिक नेमका विचारला तो डच डॉक्टरांनी. लायडन आणि हेगच्या परिसरात विल्को प्योल यांनी सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ रुग्ण घेतले. शस्त्रक्रिया करायची की नाही हे त्यांनी विचारले नाही. आता करायची की थांबून, गरज पडली तरच करायची, हे विचारले. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया लागली. बाकीच्यांना ती वर्षभरात लागलीच नाही. वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. फरक वेगात होता: लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना बरे वाटायला साधारण ४ आठवडे लागले, थांबलेल्यांना १२. २००७मध्ये आलेला हा निष्कर्ष रुग्णाला समजेल अशा भाषेत आहे आणि निवड त्याच्या हातात देतो.

थांबण्यालाही सीमा आहे. कॅनडात चार ते बारा महिने सायटिका सोसलेल्या १२८ रुग्णांची चाचणी २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात पायाची वेदना दहापैकी २.८ उरली होती, दुसऱ्या गटात ५.२. आणि एक परिस्थिती अशी आहे की जिथे एक रात्रही थांबायचे नाही: लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा येणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे. कण्याच्या तळाशी नसांचा जुडगाच दाबला गेल्याची ही खूण असते आणि तिथे तातडीची शस्त्रक्रियाच लागते.

उपाय शोधताना वैद्यक कुठून कुठे गेले याची एक कथा सांगायलाच हवी. १९५६मध्ये लुईस थॉमस यांनी सशांच्या शिरेत पपईतले पपेन टोचले, तेव्हा सशांचे ताठ कान लोळागोळा होऊन पडले आणि काही दिवसांनी पुन्हा उभे राहिले. कानातली कूर्चा तेवढ्यापुरती मऊ झाली होती. मटण शिजायला आपण कच्ची पपई लावतो त्यामागचे शास्त्र तेच. इलिनॉयच्या लायमन स्मिथ यांनी यावरून पपईतलाच कायमोपपेन हा घटक माणसाच्या गादीत टोचून पाहिला आणि १९६४मध्ये त्याचे वृत्त दिले. चाकूविना गादी वितळवण्याची कल्पना मोहक होती. १९७५च्या चाचणीत तो सरस ठरला नाही, पण तुलनेसाठी टोचलेले द्रव खरोखर निष्क्रिय होते का यावर वाद पेटला. नव्या, अधिक काटेकोर चाचण्यांत तो उपयोगी ठरला आणि १९८२मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. मग मोठ्या घाईने वापर वाढला आणि तीव्र ॲलर्जीचे झटके, क्वचित मज्जारज्जूला इजा अशा बातम्या आल्या. २००३मध्ये त्याची तिथली विक्री थांबली. कल्पना मात्र मेली नाही: जपानने २०१८मध्ये कोंडोलिएझ या वेगळ्या विकराला गादीत टोचण्यासाठी मान्यता दिली.

अलीकडचे उदाहरण प्रतिजैविकांचे. कंबरदुखीच्या काही रुग्णांत गादीशेजारच्या हाडात जंतुसंसर्ग असावा, असे मानून डेन्मार्कमध्ये १६२ रुग्णांना १०० दिवस प्रतिजैविक किंवा खोटी गोळी दिली गेली. २०१३चे निष्कर्ष थक्क करणारे होते. नॉर्वेच्या संशोधकांनी १८० रुग्णांवर तशीच चाचणी केली. २०१९मध्ये उत्तर आले की २४ गुणांच्या मापावर फरक फक्त १.६चा, आणि उपयोगी म्हणायला किमान ४चा लागेल हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. आधी ठरवून ठेवणे, हाच प्रामाणिकपणाचा कणा आहे. आपल्याकडे सायटिकासाठी सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या प्रेगाबॅलिनचीही सिडनीच्या संशोधकांनी २०९ रुग्णांवर परीक्षा घेतली. २०१७चे उत्तर: खोट्या गोळीपेक्षा सरस नाही, चक्कर मात्र जास्त. फळीवर पडून राहण्याचा सल्ला तर १९८६पासूनच्या चाचण्यांनी एकामागून एक निकालात काढला आहे. उलट २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरच्या चाचणीत, बऱ्या झालेल्या कंबरेचे दुखणे परतायला नियमित चालणाऱ्यांत २०८ दिवस लागले. न चालणाऱ्यांत ११२.

शस्त्रक्रियेचीही खोटी आवृत्ती करून पाहता येते. ह्यूस्टनमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या १८० रुग्णांपैकी काहींची दुर्बिणीने खरी शस्त्रक्रिया झाली आणि काहींच्या त्वचेवर फक्त छेद घेतले गेले. २००२मध्ये जाहीर झाले की दोन वर्षांत दोघांत फरक नव्हता. रुग्णांना हे सारे आधी सांगून त्यांची लेखी संमती घेतलेली होती. हे रुग्ण तयार झाले म्हणून पुढच्या असंख्य रुग्णांचा खर्च आणि त्रास वाचला. त्यांचे ऋण मोठे आहे.

आता आपल्याकडे येऊ. नेदरलँड्समध्ये आजारी कामगाराला पगाराचा निदान ७० टक्के हिस्सा दोन वर्षांपर्यंत कायद्याने मिळतो. तिथे ४ आठवडे की १२, हा सोयीचा प्रश्न असतो. बीडहून ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला, मार्केट यार्डातल्या हमालाला, रोजंदारीवरच्या गवंड्याला ते आठ आठवडे म्हणजे उचल न फिटणे, मुलाची शाळा सुटणे असते. उलट शस्त्रक्रियेचे कर्जही त्यालाच काढावे लागते. ऑस्लो आणि लायडनची उत्तरे गादीपुरती इथेही खरी आहेत. माणसापुरती ती इथे नव्याने शोधावी लागतील, आणि बरे होण्याच्या मोजमापात ‘कामावर किती दिवसांत परतला, किती कर्ज झाले’ हे रकाने असावे लागतील.

त्यासाठी लागणारी व्यवस्था आहे. भारताची चिकित्सा-चाचण्यांची नोंदवही २००७पासून चालू आहे, २००९पासून औषध-चाचण्यांची आगाऊ नोंद सक्तीची आहे, आणि ती कुणालाही पाहता येते. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या अस्थिरोग विभागांत रुग्णांची रांग आहे, अनुभवी शिक्षक आहेत, प्रबंधासाठी विषय शोधणारे विद्यार्थी आहेत. चार-पाच महाविद्यालयांनी एकत्र येऊन कष्टकरी रुग्णांवर ‘आता की थांबून’ ही एकच चाचणी, एकाच नियमाने, पाच वर्षे करावी. आणि तुमच्या दवाखान्यात कुणी अशा चाचणीत सहभागी व्हाल का असे विचारले, तर लगेच नकार देऊ नका. संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, गट चिठ्ठीने ठरणार का ते विचारा, मधूनच बाहेर पडण्याचा हक्क लिहिलेला आहे ना ते बघा, आणि पटले तर सही करा.