खुंटी निघाली, दात वाचला

उसाचे कांडे दातांनी सोलताना किंवा रश्श्यातले हाडूक फोडताना रूट कॅनल केलेल्या दाताची कॅप खुंटीसकट हातात येते. कोल्हापूरकर दोष उसाला देतो. खुंटी म्हणजे फायबर पोस्ट. ती सहसा मोडत नाही, सुटते ती मुळाच्या भिंतीवरची सिमेंटची पकड. मुळात खोलवर प्रकाश पोचत नाही, म्हणून प्रकाशाविनाही घट्ट होणारे रेझिन सिमेंट लागते. लवंगतेलातल्या युजेनॉलचा अंश आत राहिला, तर तेही नीट धरत नाही. धातूची खुंटी फार ताठ. तिच्यामुळे कधी मूळच चिरते आणि दात काढावा लागतो. त्यापेक्षा सुटलेली बरी! मात्र ती फेविक्विकने चिकटवू नये. डबीत घालून दवाखान्यात न्यावी. हिरडीवर दोनेक मिलिमीटर दात शाबूत असेल, तर बहुधा पुन्हा पोस्ट बसवता येते.