एकाच पाण्यावर मासे आणि भाजी

मन व म्हैस या नद्यांच्या संगमावरील आमच्या बाळापुरांतहि उन्हाळ्यांत परसांतली भाजी पाण्यावांचून वाळते. पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत तर विहिरीचेंच पाणी खारट. अशा ठिकाणीं गोड्या पाण्याचा प्रत्येक घडा पुनःपुन्हां उपयोगीं आणणारी एक रीत आहे. हौदांतील मासे अमोनिया सोडतात. तो साचल्यास त्यांनाच मारक होतो. तें पाणी पंपानें खडीच्या वाफ्यांत चढवितात. तेथील सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट व मग नायट्रेट करितात. तें शोषून पालक वाढतो आणि निवळलेलें पाणी हौदांत परततें.

परंतु जंतु जमण्यास सुमारें महिना लागतो. तोंवर मासे थोडेच सोडावे. शिवाय तापल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. वैशाखांत वीज गेली कीं मासे दगावूं लागतात. म्हणून आधीं सावली व बॅटरीवरील हवेचा पंप, मग मासे.