कंठग्रंथीचा जमाखर्च

कंठमण्याच्या खालीं फुलपांखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथि असते. डॉक्टर तिला थायरॉईड म्हणतात. आपण कंठग्रंथि म्हणूं. शरीरांतील आयोडिनाचा बहुतेक सांठा हिच्याच कोठींत असतो. प्रौढ मनुष्यास रोज सुमारें १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतें. या हिशेबानें एक ग्रॅम अठरा वर्षें पुरावें! ग्रंथि तें रक्तांतून ओढून घेते, त्यापासून थायरॉक्सिन बनविते, आणि दोनतीन महिन्यांची बेगमी करून ठेवते.

ग्रंथींत आयोडीन आहे हें बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८९५ सालीं दाखविलें. परंतु जिवंत शरीरांत तें किती वेगानें येतें व जातें, हें मोजावें कसें? १९३६ च्या नोव्हेंबरांत बोस्टन येथें भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचें व्याख्यान झालें. श्रोत्यांपैकीं डॉ. सॉल हर्ट्झ यांनीं विचारलें कीं, आयोडीन कृत्रिम रीतीनें किरणोत्सर्गी करतां येईल काय? पुढील सर्व प्रयोगांपेक्षां आम्हांस या साध्या प्रश्नाचेंच नवल अधिक वाटतें. १९३७ सालीं हर्ट्झ, रॉबर्ट्स व इव्हान्स यांनीं ४८ सशांवर प्रयोग केले. त्यांच्या आयोडिनाचें तेज दर २५ मिनिटांनीं निम्मे होई. अडीच तासांत चौसष्टावा भागच उरे. मोजणी करावयाची ती घड्याळाशीं शर्यत लावून, आणि प्रत्येक आंकडा गेलेल्या वेळेप्रमाणें सुधारून. तरीही इतर अवयवांच्या मानानें ही ग्रंथि किती आयोडीन ओढते, तें आंकड्यांत दिसलें. १९३८ सालीं आठ दिवसांनीं निम्में होणारें आयोडीन-१३१ सांपडलें व काम सोपें झालें.

या मोजणीचें महत्त्व प्रयोगशाळेपुरतेंच नाहीं. घरांतील सून खातेपिते, तरी वाळत जाते; छाती धडधडते, हात कांपतात. वडीलधारीं माणसें म्हणतात, मनाला लावून घेते. रक्तांत थायरॉक्सिन जास्त निघतें. पण तेवढ्यानें निदान पुरें होत नाहीं. एका रोगांत ग्रंथि अविश्रांत नवें थायरॉक्सिन घडवीत असते. दुसऱ्यांत तिला दाह होऊन कोठी फुटते व जुना सांठाच रक्तांत वाहतो. किरणोत्सर्गी आयोडिनाची सूक्ष्म मात्रा देऊन चोवीस तासांनीं गळ्यापाशीं यंत्र धरलें म्हणजे उलगडा होतो. निरोगी ग्रंथि साधारण १० ते ३० टक्के ओढते. पहिल्या रोगांत बरेंच अधिक, दुसऱ्यांत जवळजवळ कांहींच नाहीं. पहिल्यास ग्रंथीचें काम मंदावणारें औषध चालतें. दुसऱ्यास तें व्यर्थ, कारण थांबवावयास तेथें काम चाललेलेंच नसतें.

गरोदर स्त्रीची मात्र ही परीक्षा करूं नये, आणि अंगावर पाजणारीनें डॉक्टरांस आधींच तसें सांगावें. नुकतेंच आयोडीनयुक्त औषध घेतलें असल्यास तेंही सांगावें. कोठी अगोदरच भरलेली असली म्हणजे आंकडा फसवा, लहान येतो.