घाट सुरू आहे काय?

पावसाळा लागला की पोलादपूरहून महाबळेश्वरास निघणाऱ्या मनुष्यास एकच प्रश्न पडतो: आंबेनळीचा घाट सुरू आहे काय? पूर्वी तो एस. टी. स्थानकावरील कंट्रोलरला विचारीत. कंट्रोलर कधी खेकसत असे; परंतु कालची दरड आजची म्हणून सांगत नसे. आता हा प्रश्न मोबाईलला विचारला जातो, आणि पंचाईत नेमकी तेथेच आहे.

फेसबुक उघडावे तो प्रथम चपलांची जाहिरात, मग कोणा अनोळखी व्यक्तीचे नृत्य, आणि त्याखाली दरड कोसळल्याचा व्हिडिओ. तो आजचा की गेल्या आषाढातला, हे बारीक अक्षरांत शोधावे लागते. ‘रस्ता मोकळा झाला’ ही साधी सूचना चित्तवेधक नसल्यामुळे तळाशी जाते. घाटात रेंज आधीच तुटक. मिळेल तेवढी आपोआप सुरू होणारी चित्रेच गिळून टाकतात.

हे यंत्राचे वार्धक्य नव्हे, ठरवून केलेली रचना होय. २०१६ साली ट्विटर व इन्स्टाग्राम यांनी कालानुक्रम मागे सारून वाचक खिळून राहील असा क्रम स्वीकारला. फेसबुकने तो मार्ग आधीच धरला होता. वाचक जितका वेळ रेंगाळेल तितक्या जाहिराती अधिक, हे त्यामागचे गणित. वृत्तपत्रेही जाहिरातींवर जगतात, हे आम्ही विसरलेलो नाही. पण शिळा अंक ताजा म्हणून आम्ही कोणाच्या हाती देत नाही.

मोबाईलचे मोल या घाटास ठाऊक आहे. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस येथील दरीत कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले. वाचलेल्या एकमेव प्रवाशाने कसेबसे वर येऊन फोनवरूनच ती वार्ता कळविली.

वैयक्तिक आवडीनिवडींवर न बेतलेला क्रम निवडण्याची सोय मोठ्या कंपन्यांवर युरोपीय संघाने २०२३ पासून बंधनकारक केली. कालानुक्रमाची सोय आपल्याकडेही काही ठिकाणी आहे. पण ती हुडकून काढावी लागते. ती पहिल्याच पडद्यावर असावी, असा आग्रह सरकारने धरावयास हवा. तोवर जिल्हा प्रशासनाने घाटाच्या प्रत्येक सूचनेत दिनांक व वेळ चित्रातच ठळक छापावी. आणि पोलादपूरच्या फाट्यावर एक काळा फळा टांगावा. खडूचा खर्च फारसा येत नाही.