युद्धाच्या पुस्तकांत शिपाई शोधताना

दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावला जमणारा जनसागर विजयस्तंभाला मानवंदना देतो आणि परतताना पुस्तकांच्या स्टॉलकडे वळतो. अंगावर धड स्वेटर नसेल, पण पिशवीत दोन-चार पुस्तके असतील, अशी ही माणसे! अशाच एका स्टॉलवर सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या एका तरुणाने आम्हाला विचारले, "सर, लढाईवरची चांगली पुस्तकं सांगा ना. घोषणा पाठ आहेत, पण कुणी उलटून प्रश्न केला तर बोलता येत नाही." आम्ही उभ्याउभ्या दोन नावे सांगितली. पण प्रश्न मनातून गेला नाही. आज त्याचे सविस्तर उत्तर देत आहोत.

पुस्तकांची नावे सांगण्याआधी एक कसोटी सांगितली पाहिजे. युद्धावरचे कोणतेही पुस्तक हाती घेतले की आम्ही दोन प्रश्न विचारतो. यात शिपाई कुठे आहे? आणि जे मेले त्यांचे पुढे काय झाले, हे लेखक सांगतो काय? राजा, सेनापती, तलवार आणि घोडा यांनी भरलेली पुस्तके बाजारात ढिगाने आहेत. या दोन प्रश्नांची उत्तरे देणारी मोजकीच आहेत.

सुरुवात कोरेगावपासूनच करू. जेम्स ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. कोरेगावची लढाई त्यात तपशिलाने आली आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघालेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी, पाचशेच्या आसपास पायदळ, थोडे घोडदळ, दोन तोफा, दिवसभर पाण्यावाचून झालेली तडफड, हे सारे त्यात वाचायला मिळते. ते जरूर वाचावे. पण वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. लेफ्टनंट पॅटिन्सन नावाचा अधिकारी सहा फूट सात इंच उंच होता, हेसुद्धा ग्रँट डफ नोंदवतो. शिपाई मात्र त्याच्या लेखी आकडा आहे. त्या शिपायांची नावे पुस्तकाने जपली नाहीत, ती दगडाने जपली. स्तंभावर कंपनीच्या ४९ मृतांची नावे आहेत आणि त्यांतली २२ नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात. त्या प्रत्ययावरूनच ते महार सैनिक होते हे ओळखता येते. पुस्तकाशेजारी दगडही वाचावा लागतो, तो असा!

दुसरे पुस्तक बाबासाहेबांचे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी 'लेखन आणि भाषणे' मालेच्या बाराव्या खंडात अस्पृश्य आणि ब्रिटिश राजवट यांचा संबंध तपासणारे एक लिखाण आहे. कंपनीच्या फौजेत कोण होते, या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेब तिथे सरळ देतात. प्लासीला क्लाइव्हच्या बाजूने दुसाध लढले, कोरेगावला महार लढले. ब्रिटिशांना हा देश जिंकून देण्यात अस्पृश्यांचा हात होता, हे ते लपवत नाहीत आणि त्याची लाजही बाळगत नाहीत. ज्या समाजव्यवस्थेने माणूस म्हणून जगू दिले नाही, तिच्यासाठी प्राण द्यायचे कशासाठी? पण बाबासाहेब इथे थांबत नाहीत. ब्रिटिशांनी या उपकाराची फेड कशी केली, याचाही हिशेब ते मांडतात. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण मिळत होते. सुभेदार रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. भरतीचे दार बंद झाले तेव्हा नोकरीबरोबर शिक्षणाची वाटही बंद झाली. "तुम्ही इंग्रजांचे लाचार" म्हणून हिणवणाऱ्यांना उत्तर द्यायचे असेल, तर आमच्या त्या तरुणाने आधी ही पाने वाचावीत.

हे दार बंद कोणी केले? १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे 'लढवय्या जाती'च्या सिद्धान्ताचे खंदे पुरस्कर्ते. त्यांचे 'फॉर्टी-वन इयर्स इन इंडिया' हे आत्मचरित्र १८९७ मध्ये आले. लष्करी पुस्तकांच्या शौकिनांत ते आजही वाचले जाते. आम्ही म्हणू, तुम्हीही वाचा, पण हातात पेन्सिल घेऊन वाचा. लढवय्या कोण हे रणांगणावर न ठरवता कचेरीत कसे ठरवले जाते, याचा तो नमुना आहे. त्याच्या शेजारी आपल्या माणसांचे अर्ज ठेवा. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ ला मोडीत निघाली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली आणि तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. हा सारा प्रवास व्ही. लाँगर यांच्या 'फोरफ्रंट फॉरएव्हर' (१९८१) या रेजिमेंटच्या इतिहासात आणि अर्डिथ बाशम यांच्या 'अनटचेबल सोल्जर्स' (२००८) या महार व मजहबी शिखांवरील पुस्तकात मिळतो. दोन्ही इंग्रजीत आहेत. आपल्या शिपायाची गोष्ट आपल्याला परक्या भाषेत वाचावी लागते, हे दुखणे आहेच. त्याकडे शेवटी येऊ.

आता कादंबऱ्या. मराठी वाचकाला युद्धाची कादंबरी म्हटली की विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) आठवते. ती वाचलीच पाहिजे, आणि तिच्याबरोबर त्र्यं. शं. शेजवलकरांचा पानिपतावरचा अभ्यासग्रंथही. १४ जानेवारी १७६१ ला जे झाले त्याची तयारी आधीचे कित्येक आठवडे उपासमार करत होती, हे या वाचनातून कळते. रसद तुटली, माणसे आणि जनावरे भुकेने खंगली. छावणीत लढणाऱ्यांबरोबर न लढणाऱ्यांचीही प्रचंड गर्दी होती. त्यांना आपली भाषा काय म्हणते? बाजारबुणगे! आज हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो. पण फौज म्हटली की गवत कापणारा, ओझे वाहणारा, पाण्याची पखाल आणणारा आणि घाण उचलणारा माणूस लागतोच. ही कामे कोणत्या जातींच्या वाट्याला येत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. तेही पानिपतावर मेले. त्यांच्या वाट्याला पोवाडा आला नाही, शिवी आली. 'पानिपत' वाचताना भाऊसाहेबांसाठी डोळे ओलावले तर ओलावू द्या, पण त्या बिननावाच्या माणसांसाठी एक पान मनात कोरे ठेवा.

मुल्कराज आनंदांचे नाव आपल्या चळवळीला 'अनटचेबल' (१९३५) मुळे ठाऊक आहे. त्यातला भंगीकाम करणारा बखा गोऱ्या सोजिरांचे उतरलेले कपडे हौसेने घालतो, कारण त्या कपड्यांत त्याला माणूसपणाची झुळूक लागते. त्याच आनंदांनी दुसरे महायुद्ध पेटले त्या काळात 'अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स' लिहिली. पंजाबातला शेतकऱ्याचा पोर लालू पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत जाऊन पडतो. हे भांडण कोणाचे आणि कशाचे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. पराक्रम केला तर घरची गेलेली जमीन परत मिळेल, एवढीच त्याची आशा. ही कादंबरी वाचली की 'वीर जवान' या शब्दामागे कर्ज, जमीन आणि पोट किती असते ते कळते.

त्याच युद्धात पलीकडच्या खंदकात काय चालले होते, ते एरिख मारिया रेमार्कने 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (१९२९) मध्ये सांगितले. शाळामास्तरच्या भाषणांनी पेटून भरती झालेली वर्गातली पोरे एकेक करून मरतात. मरणाऱ्या मित्राचे बूट चांगले आहेत, ते कोणाला मिळणार, याचा विचार करावा लागतो, इतकी माणसाची किंमत उतरते. नाझींना ही कादंबरी इतकी झोंबली की १९३३ मध्ये त्यांनी तिच्या प्रती जाहीरपणे जाळल्या. पोरांना भाषणे ठोकून पेटवणारे मास्तर प्रत्येक देशात असतात. त्यांची स्वतःची पोरे कुठे असतात, हे विचारायला ही कादंबरी शिकवते.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांची कहाणी तर आपल्या कहाणीची सख्खी बहीण वाटते. लुई एमिलिओ या गोऱ्या अधिकाऱ्याने आपल्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचा इतिहास १८९१ मध्ये लिहिला. फ्रेडरिक डग्लस यांची दोन मुले याच पलटणीत होती. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत आणि काळ्याला १०, त्यातूनही ३ डॉलर कपड्यांसाठी कापले जात. पलटणीने काय करावे? तिने पगारच नाकारला! लढाया केल्या, १८ जुलै १८६३ ला फोर्ट वॅग्नरवर रक्त सांडले, पण अपमानाचा पगार घेतला नाही. अखेर १८६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसला समान पगाराचा कायदा करावा लागला. शत्रूच्या गोळीपेक्षा आपल्याच छावणीतली विषमता सोसणे कठीण असते. आमच्या मते युद्धावरच्या पुस्तकांतले हे सर्वात मोठे शौर्य आहे.

स्वेतलाना अलेक्सिएविच यांचे 'युद्धाला स्त्रीचा चेहरा नसतो' या आशयाच्या नावाचे पुस्तक (१९८५) आमच्या भगिनींनी तर वाचावेच, पण भावांनी आधी वाचावे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजेत लढलेल्या स्त्रियांकडे त्या गेल्या, त्यांच्या घरात बसल्या आणि त्यांचे बोलणे त्यांनी टिपून घेतले. लेखिकेला २०१५ चे नोबेल मिळाले. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. पदके मिळवून घरी परतलेल्या अनेक स्त्रियांना समाजाने संशयाने पाहिले आणि त्यांनी वर्षानुवर्षे तोंड उघडले नाही. त्यांना बोलते करणारी एक बाई भेटली, म्हणून तो इतिहास राहिला.

महार रेजिमेंटमधून पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल के. सुंदरजी यांनी १९९३ मध्ये भारत-पाकिस्तान अणुयुद्धाची कल्पना करणारी 'ब्लाइंड मेन ऑफ हिंदुस्थान' ही कादंबरी लिहिली. निर्णय घेणारे हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांसारखे वागले तर काय होईल, असा तिचा रोख आहे. हत्ती आणि आंधळ्यांची ही गोष्ट पाली 'उदान' ग्रंथात तथागतांच्या तोंडी आली आहे, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

इथे तो तरुण विचारील, "सर, आपण बुद्धाची माणसं. मग युद्धाचा अभिमान कसा बाळगायचा?" प्रश्न खरा आहे आणि टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तरही दोन ठिकाणी लिहिलेले आहे. पहिले ठिकाण सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख. कलिंगात एक लाख मारले गेले, दीड लाख माणसे हलवली गेली आणि त्याहून कितीतरी पटीने अधिक मेले, अशी नोंद जिंकलेला राजा स्वतः करतो आणि पश्चात्ताप जाहीर करतो. शत्रूचे मृत मोजणारा जेता जगाच्या इतिहासात शोधून पाहा! आणखी एक गोष्ट. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथे, हा लेख कोरलेला नाही. तिथे वेगळे दोन लेख आहेत. जखमेवर आकडे का कोरले नसतील, याचा विचार वाचकाने करावा.

दुसरे ठिकाण तुमच्या घरात आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडा. बाबासाहेबांच्या मते सिद्धार्थाने गृहत्याग केला तो म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात युद्ध पेटू लागले, सिद्धार्थाने शाक्यांच्या संघात उभे राहून विरोध केला, बहुमत विरुद्ध गेले आणि त्याने परिव्रज्या पत्करली. म्हणजे आपल्या धम्मग्रंथाची सुरुवातच युद्धाच्या प्रश्नाने होते! त्याच ग्रंथात बाबासाहेब मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. स्तंभापुढे आपण मान लवतो ती माणुसकी नाकारलेल्यांच्या धैर्यापुढे. रक्तपाताची आपल्याला हौस नाही. हे ज्याला नीट सांगता येईल, त्याला कोणीही निरुत्तर करू शकणार नाही.

शेवटी त्या दुखण्याकडे येतो. ग्रँट डफने अधिकाऱ्याची उंची लिहिली, पण आपल्या शिपायाची कहाणी लिहिली नाही. ती चूक आज आपण करतो आहोत. १९६२, १९६५, १९७१ च्या युद्धांत गेलेले हवालदार, नायक, शिपाई आपल्या वस्त्यांत आहेत आणि वर्षागणिक कमी होत आहेत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत पदके आहेत, पेन्शनचे पुस्तक आहे, पत्रे आहेत. बुद्धविहारातल्या पोरांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे. कोणत्या वर्षी भरती झाला, कोणत्या पलटणीत होता, बरोबरचे कोण गेले, घरी परतल्यावर गावाने कसे वागवले, हे विचारावे. त्यांच्या पत्नीलाही विचारावे, कारण तिनेही ते युद्ध घरात काढले आहे.

तरुणा, आम्ही सांगितलेली पुस्तके मिळव आणि वाच. पण वरच्या यादीतले एक पुस्तक अजून लिहिले गेलेले नाही. ते तुझ्या आजोबांकडे आहे. आजच जाऊन बस!